दत्तूच्या जागी आणलेला कॅमेरा

लग्नाच्या शूटिंगला गेले की मी आधी नवरा-नवरी बघत नाही. आधी बघते, वायर कुठून ओढलीय आणि तिच्यावर कोण पाय देणार आहे. मग बघते, आहेराची पाकिटं कुणाच्या पिशवीत जातायत. आणि पहिल्या रांगेत उंच फेटा बांधून बसलेला माणूस ऐन वेळी उठणाऱ्यांतला आहे की बसून राहणाऱ्यांतला. एकवीस वर्षं नारायणगाव-वारूळवाडीच्या शिवेवर स्टुडिओ चालवल्यावर माणसाचा स्वभाव असा होतो. माहेरी मी अशी नव्हते. हा संशय मला धंद्याने दिला.

एकदा दोन भावांनी जमिनीच्या मोजणीचं शूटिंग करायला बोलावलं. पुढेमागे भांडण झालं तर पुरावा असावा म्हणून लोक हल्ली मोजणीही शूट करून ठेवतात. थोरला हळूच जवळ येऊन म्हणाला, "ताई, त्यो कोपऱ्यातला दगड तेवढा घेऊ नका." मी सगळ्यात आधी तो दगड घेतला. दुसऱ्या एका लग्नानंतर चार महिन्यांनी नवरीचे मामा आले. त्यांची पितळी परात मांडवातून गेली होती, शूटिंगमध्ये कोणी नेताना दिसतंय का ते त्यांना बघायचं होतं. मी आधी एकटीने बघितलं. दिसत होतं. मामींचा सख्खा भाऊच परात काखेला मारून निघाला होता. मी मामांना सांगितलं, तेवढं कार्ड खराब झालंय. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की माणसं अशी दिसतात. मग घरीदारी तशीच दिसायला लागतात.

बाहेरच्या माणसाला आमचं काम थोडं समजावून सांगते. लग्नाला निदान दोन कॅमेरे लागतात. मोठा कॅमेरा स्टँडवर असतो, त्याला आम्ही मेन म्हणतो. तो स्टेजवरून हलत नाही. दुसरा फिरता, त्याला सेकंड. नवरीच्या बापाने डोळे पुसले, करवलीच्या हातातलं ताट कललं, आजोबांनी अक्षता टाकायच्या ऐवजी खिशात घातल्या, हे सगळं सेकंडला मिळतं. मेनमध्ये लग्न झाल्याचा पुरावा असतो. लोक पुन्हा पुन्हा बघतात ते सेकंडचं.

आमचा सेकंड म्हणजे दत्तू. येडगावचा. आमच्या ह्यांनी स्टुडिओ काढला तेव्हापासून तो होता. मी तेव्हा आत बसून अल्बम लावायचे, कॅसेटवर नावं लिहायचे. अकरा वर्षांपूर्वी हे गेले. तेरावं झालं आणि पंधरा दिवसांवर एक ठरलेलं लग्न होतं. मी त्या लोकांना नाही म्हणून कळवणार होते. दत्तू म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाइकाला न्हाई म्हनू नका. तुमी मेनला उभ्या ऱ्हावा. स्टँड हाय, कॅमेरा कुटं पळून जात न्हाई. बाकीचं मी बघतो." त्या दिवसापासून मी मेनला आणि तो सेकंडला. लोक मला कॅमेरावाल्या ताई म्हणू लागले आणि त्याला ताईंचा माणूस. मलाही ते बरोबरच वाटायचं.

तर अशा माणसावर मला संशय आला.

बाजारपेठेतल्या कांतीशेठच्या मुलीचं लग्न आम्ही केलं होतं. शेठचं कापडाचं दुकान तीन पिढ्यांचं. घरात मारवाडी बोलतात, पण गल्ल्यावर बसले की त्यांची मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. माणूस अतिशय गंभीर. गिऱ्हाइकाने विनोद केला तरी शेठ कापडाचा काठच बघत राहणार. हे शेठ मुलीच्या लग्नात नाचले. नाचता नाचता पागोटं पडलं, ते उचलायला वाकले आणि तिथेच बसून लहान मुलासारखे रडले. ती अर्ध्या मिनिटाची क्लिप, मी सीडी-पेनड्राइव्ह काही द्यायच्या आधी, गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरली. वर कुणीतरी हसरी तोंडं आणि एक उडतं गाणं लावलेलं होतं.

शेठ स्टुडिओत आले, बसले नाहीत. "ताई, घरातल्या माणसासारखं तुम्हाला आत घेतलं होतं," एवढंच म्हणाले आणि चप्पल घालून गेले.

मी ती क्लिप वीस वेळा बघितली. कडेने, खालून, गुडघ्यावर बसून घेतलेली होती. दत्तूच तसा बसतो. मोबाइलचं चित्र नव्हतं ते, आमच्याच सेकंड कॅमेऱ्याचं होतं. मग मला एकेक आठवायला लागलं. गेल्या वर्षात दोन ठिकाणी ऐकलं होतं की दत्तूने परस्पर बारशाचं शूटिंग केलं. एकदा त्याने कार्ड द्यायला दोन दिवस लावले होते, घरी पाहुणे आले असं सांगून. एकदा मी आत गेले तेव्हा तो कॉम्प्युटरपुढून पटकन उठला होता. संशयाचं असं असतं, एकदा धागा सापडला की आख्खं लुगडं विणून होतं.

मी त्याला विचारलं नाही. त्याने नाही म्हटलं असतं तर माझ्यापुढे पुन्हा प्रश्न होताच. त्यापेक्षा मी ठरवलं, लहानसा कॅमेरा घ्यायचा, मुठीत मावणारा, आणि सेकंडही आपणच करायचा. मेन स्टँडवर चालू ठेवून फिरायचं. माणूसच नको.

कॅमेरा निवडायचा म्हणजे ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारायला हवं. आमच्या भागात ते सगळ्यात जास्त दत्तूला कळतं. त्याला सोडून मी सगळ्यांना विचारलं.

पहिल्यांदा सगळे म्हणाले, कशाला, मोबाइल आहे की. एका साखरपुड्यात मी करून बघितलं. अंगठी घालायच्या वेळेला पारगावहून माझ्या नणंदेचा फोन आला, उसाच्या गाडीची चौकशी करायला, आणि शूटिंग थांबलं. मोबाइल बाद.

मग मोबाइलवरच्या जाहिराती बघायला लागले. एकाने जवळजवळ नवा कॅमेरा अर्ध्या किमतीत टाकला होता. मी फोन केला. हिंदीत म्हणाला, मी लष्करात आहे, बदली झाली, सामान नेता येत नाही, कुरिअरचे पैसे आधी पाठवा. मी म्हटलं, साहेब, आमच्या जुन्नर तालुक्यातली बरीच पोरं लष्करात आहेत, तुम्ही कुठल्या पलटणीत? त्याने फोन ठेवला.

मंचरला एकाकडे वापरलेला होता. त्याने कपड्याने पुसून चकचकीत करून ठेवला होता. जास्त पुसलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. मी भिंगावर तळहात ठेवून एक मिनिट रेकॉर्ड केलं. भिंग झाकलं की चित्र पूर्ण काळं यायला पाहिजे. त्या काळ्यात तीन पांढरे ठिपके चमकत होते, म्हणजे आतला पडदा खराब. बॅटरी टेबलावर ठेवून बोटाने फिरवली तर भोवऱ्यासारखी फिरली. चांगली बॅटरी सपाट असते, ती फिरत नाही. फुगलेली फिरते. "एकदाच हळदीला नेला व्हता," मालक म्हणाला. मी म्हटलं, हळदीला नेला होता की कढईत तळला होता?

शेवटी पुण्याला गेले. मोठं दुकान, थंडगार हवा. विकणारा मुलगा प्रत्येक कॅमेऱ्याचा नमुना मोठ्या पडद्यावर दाखवत होता. बर्फाचे डोंगर, समुद्र, पळणारे घोडे. मी म्हटलं, हे नको, मला इथलं दाखव. एक कॅमेरा पाण्यात पडला तरी चालणारा होता, पण तो इतकं रुंद दाखवायचा की त्या मुलाचंच नाक भोपळ्याएवढं झालं. असली नाकं दाखवून मला आंबेगावात कोण पुन्हा बोलावेल? दुसऱ्याला झूम चांगला, पण मी घड्याळ लावून सलग चालू ठेवला तर बाविसाव्या मिनिटाला गरम होऊन बंद पडला. मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढं सलग कोण घेतं?" मी म्हटलं, आमचे भटजी भेटले नाहीत तुला.

तिसरा मला आवडला. काडीसारखी मूठ आणि वर सुपारीएवढं डोकं. आपण कसंही चाललो तरी ते डोकं स्वतःच तोल सावरतं आणि चित्र हलत नाही. मी तो घेऊन दुकानाचा जिना तीनदा चढले-उतरले. दारात ऊन होतं तिथे मुलाला उभं करून त्याचा चेहरा काळा पडतो का बघितला. बाहेर रस्त्यावर जाऊन बसचा हॉर्न रेकॉर्ड केला, आवाज फाटतो का ते कळायला. एकच खोट होती, त्यात कार्ड एकच बसतं. आमचा मोठा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो, एक दगा देतं तेव्हा दुसरं असतं. पण म्हटलं, एकाच कार्डावर लक्ष ठेवणं सोपं. खोक्याचं सील, आतला नंबर, बिलावरचा नंबर, सगळं ताडून घेतला. सुरू-बंद करताना तो 'टुक' असा आवाज करायचा. तो चित्रात येईल म्हणून मी घरी आल्याबरोबर बंद करून टाकला.

पुढचं लग्न आंबेगावच्या पश्चिमेला होतं, डोंगरात. मी दत्तूला फोन केला. "या लग्नाला तू नको येऊस. लहान काम आहे."

"बरं वहिनी," म्हणाला. कारण विचारलं नाही. मला वाटलं, बघ, मनात चोर असल्याशिवाय माणूस गप्प बसत नाही.

गाव वर होतं. रस्ता संपल्यावर पुढे बांधाबांधाने चालत. भातं निघून गेलेल्या खाचरात मांडव घातला होता. डीजेची गाडी चढलीच नाही म्हणून ढोल-सनई होती, मला तेच बरं. नवरीचं नाव सविता. तिची आई चिमाबाई, काटक बाई, हात भातलावणीने काळे पडलेले. त्या मला बाजूला घेऊन गेल्या.

"ताई, एक मागनं हाय. लेकीचं लगीन आईनं बगायचं नसतं आमच्यात. मुहूर्ताला मी घरात तुळशीला पाणी घालीत बसन. सावधान म्हनून अंतरपाट खाली व्हतो ना, त्या वक्ताचं पोरीचं त्वांड मला नीट दावा. बाकी काय नाय दिसलं तरी चालंल."

"दाखवते," मी म्हटलं. "आज माझ्याकडे दोन कॅमेरे आहेत."

मोठा कॅमेरा स्टँडवर लावून, नवरा-नवरीच्या जागेवर पक्का करून चालू केला आणि लहान घेऊन फिरायला लागले. खरं सांगते, मजा आली. हलकं काम. वरात बांधावरून आली तेव्हा मी उलट्या पावलांनी पुढे चालत होते, खांद्याला ओझं नाही. घेऊन झालं की बटण दाबून गळ्यातल्या पिशवीत टाकायचा. नवरीची एक मावशी भेटली, दोन गोष्टी बोललो. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली तशी मी स्टेजच्या कडेला जाऊन गुडघ्यावर बसले. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली गेला, माझा कॅमेरा सविताच्या चेहऱ्यावर होता. ऊन इतकं होतं की छोट्या पडद्यावर काही दिसत नव्हतं, पण मी बरोबर जागेवर होते. दत्तूवाचून काही अडलं नाही, असं मनात म्हणत मी जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कार्डं कॉम्प्युटरला लावली.

मोठ्या कॅमेऱ्यात सगळं होतं, शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत. तिथे नवऱ्याच्या मामांना अक्षता लांबवर टाकायच्या होत्या म्हणून ते खुर्चीवर चढले. पुढची दोन मिनिटं पडदाभर गुलाबी फेट्याची पाठ. कॅमेऱ्यामागे कुणी असतं तर कॅमेरा हातभर बाजूला सरकवला असता, किंवा मामांना खाली ओढलं असतं. कुणी नव्हतं.

मी घाईने लहान कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं. त्यात माझ्या चपला होत्या. खाचरातली ढेकळं होती. पिशवीच्या आतला अंधार होता. बटण एकच, एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सकाळी पहिल्यांदा मी दाबलं ते लागलंच नव्हतं. मग बंद करायला दाबलं तेव्हा ते सुरू झालं, आणि तिथून दिवसभर उलटं चाललं. वरात, मंगलाष्टकं, सविताचा चेहरा, मी सुरू समजून दाबलं तेव्हा तेव्हा कॅमेरा बंद झाला होता. आवाज चालू असता तर कळलं असतं. तो मीच बंद केला होता.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते पिशवीतल्या अंधाराचं रेकॉर्डिंग. चित्र काळं, आवाज स्वच्छ. नवरीची मावशी विचारत होती, "त्ये दत्तूभाऊ नाय आलं? मागं आमच्या पुतणीच्या लग्नाला व्हतं. लई हसवलं पोरांना."

आणि माझा आवाज. "बंद केलाय त्याला. हात लांब झालेत. माणसाचा आता भरवसा राहिला नाही, मावशी."

"व्हय? दिसत तर न्हवता तसला."

"दिसत नाहीतच," असं मी म्हटलं होतं, आणि हसले होते. माझं ते हसणं मी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकवलं नाही. ज्या गोष्टीची मला स्वतःला खात्री नव्हती ती मी पंधरा कोस लांबच्या, जिला मी पुन्हा भेटणारही नव्हते अशा बाईला खात्रीने सांगितली होती.

त्याच आठवड्यात कांतीशेठ आले. या वेळी बसले. हातातलं मिठाईचं खोकं टेबलावर ठेवून ते जरा वेळ त्याच्या दोऱ्याशीच खेळत राहिले.

"ताई, तुम्ही आमच्या मुलीला मोबाइलवर एक लिंक पाठवली होती ना? कुठले प्रसंग ठेवायचे ते निवडायला?"

"हो." गिऱ्हाइकाला प्रसंग निवडता यावेत म्हणून आम्ही न कापलेलं सगळं शूटिंग इंटरनेटवर टाकतो आणि त्याचा पत्ता पाठवतो. ती लिंक.

"मुलीने ती सासरच्या ग्रुपवर टाकली. तिथून जावयाच्या चुलतभावाने तेवढा तुकडा काढून घेतला, गाणं लावलं आणि पुढे पाठवला. परवा तोच सांगत होता, हसत. मी त्याला काय बोललो ते जाऊ द्या. तुम्हाला बोललो ते चुकलं माझं."

शेठ गेल्यावर मी कॉम्प्युटरवर जाऊन बघितलं. लिंक पाठवताना एक खूण करायची असते, फक्त या माणसाला बघता येईल की ज्याच्या हातात लिंक पडेल त्या प्रत्येकाला. मी दुसरी खूण केली होती. सोपी पडते म्हणून मी नेहमी तीच करते. त्यात दोन्ही कॅमेऱ्यांचं सगळं होतं, दत्तूने गुडघ्यावर बसून घेतलेलंही. सगळ्या जगाचे दरवाजे मी तपासत होते आणि माझंच दार सताड उघडं होतं.

येडगावला गेले. दत्तूचं घर धरणाच्या पाण्यापासून जवळ, मागे थोडं रान. तो टोमॅटोच्या रोपांना सुतळी बांधत होता. मला बघून त्याने हात झाडले, घरात आवाज देऊन पाणी सांगितलं. मी बांधावरच बसले आणि सगळं सांगितलं. शेठचं, कॅमेऱ्याचं, लिंकचं. पिशवीतल्या रेकॉर्डिंगचंही सांगितलं. अर्धं सांगून गेले असते तर मलाच माझा संशय आला असता.

तो सुतळीचा गुंडा हातात फिरवत ऐकत होता. मग म्हणाला, "मला म्हायती व्हतं वहिनी. शेट माज्याकडं बी आलं व्हतं. मी म्हनलं, वहिनींना इचारा."

"मग तू मला का नाही सांगितलंस, की तू केलं नाहीस?"

"तुमी इचारलं असतं आन् मी न्हाई म्हनलो असतो, तर तुमी इस्वास ठेवला असता का?"

मी खोटं बोलले नाही. "नसता ठेवला."

"मंग झालं तर." त्याने एक रोप बांधलं. "आन् ती बारशाची गोष्ट म्हनाल, तर ती खरी हाय. दोन बारशी केली मी. एक भावकीतलं, त्याचं काय घेतलं न्हाई. दुसऱ्याचं घेतलं. सांगायला पायजे व्हतं, न्हाई सांगितलं."

म्हणजे माझा संशय सगळा खोटा नव्हता. एवढ्याने तरी मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्याने आणखी दोन रोपं बांधली. मग त्याने धंद्याचा प्रश्न विचारला, "त्या डोंगरातल्या बाईला काय सांगनार?"

"अजून काही सांगितलं नाही. सांगायचं कसं तेच कळत नाही."

"कवा जायाचं?" तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

दोन दिवसांनी आम्ही वर गेलो. चिमाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. मी सरळ सांगितलं. "मावशी, तुम्ही जे मागितलं होतं तेच माझ्याकडून गेलं. सविताचा चेहरा आला नाही."

सूप थांबलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पर तुमच्याकडं तर दोन कॅमेरं व्हतं."

एकवीस वर्षांत गिऱ्हाइकांनी मला पुष्कळ ऐकवलंय. शिव्याही खाल्ल्यात. पण या एका वाक्यावर मला मान वर करता आली नाही.

दत्तू मात्र माझ्यासारखा उभा राहिला नाही. "मावशी, लग्नाला गावातली पोरं-पोरी मोबाइल काढून उभी व्हती का?" त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, व्हती की समदी. मग तो घराघरांत गेला. त्या गावात नेट नीट चालत नाही, म्हणून कुणी कुणाला काही पाठवलेलं नव्हतं. जो तो आपलं आपल्या मोबाइलमध्ये घेऊन बसलेला. दत्तू प्रत्येक ओट्यावर बसला, चहा प्यायला, प्रत्येकाचा मोबाइल मागून बघितला. मला कुणी मोबाइल हातात दिला नसता. मी तसं मागितलंही नसतं, माणसं काय म्हणतील म्हणून. सहा ठिकाणी पाठमोरी डोकी आणि मंडपाचं छत निघालं. सातवा मोबाइल सविताच्या चुलतबहिणीचा. काच तडकलेली. ती पाण्याच्या टाकीवर चढून बसली होती आणि तिथून तिने घेतलं होतं. एकोणीस सेकंद. हात थरथरत होता, पण अंतरपाट खाली जाताना सविता अगदी समोर दिसत होती.

आम्ही लॅपटॉप चुलीजवळच्या पाटावर ठेवला. चिमाबाईंनी पदराने हात पुसले, उगाचच, आणि पुढे सरकल्या. अंतरपाट खाली गेला. सविताने आधी खाली बघितलं, मग वर, आणि ती हसली. चांगली दात दिसेपर्यंत हसली.

"आं? हसली व्हय ती?" चिमाबाई म्हणाल्या. "मला समदी म्हनत्यात रडली, लई रडली."

"पुन्हा लावू?"

"लाव बाबा."

दत्तूने चार वेळा लावलं. चौथ्या वेळी त्या पडद्याकडे न बघता आमच्याकडे बघत होत्या. "मी आतमदी तुळशीपाशी रडत व्हते, आन् ही हितं हसत व्हती," असं म्हणून त्याही हसायला लागल्या, आणि मग पदर डोळ्याला लावून बसल्या. तो एकोणीस सेकंदांचा तुकडा मी त्यांच्या लग्नाच्या व्हिडिओत जसा होता तसा घातला. हलणारा, तडकलेल्या मोबाइलमधला. त्या सगळ्या व्हिडिओत तेवढाच मी स्वतः घेतलेला नाही, आणि लोक बघताना तिथेच थांबतात.

उतरताना मी दत्तूला म्हटलं, "आता पुढच्या लग्नापासून तू नेहमीसारखा सेकंडला ये."

"न्हाई येनार," तो म्हणाला.

मी चालत राहिले. मला ते अपेक्षित होतं.

थोड्या उतारावर तो थांबला, हात पुढे केला. "दावा तरी तो बारका." मी गळ्यातल्या पिशवीतून काढून दिला. त्याने उलटसुलट बघितला, दोनदा बटण दाबलं, चार पावलं चालला, मूठ तोलून बघितली. "चांगला घेतलाय. बनावट माल न्हाई." मग म्हणाला, "मी मेनला उभा ऱ्हातो. हा तुमी धरा."

"मला नाही जमत ते. बघितलंस ना?"

"कसं जमंल? नऊ वर्सं स्टँडमागं उभ्या राहिला. स्टँडमागं नवं मानूस चालतं, वहिनी. तुमचं दुःख मोठं व्हतं म्हनून मी तवा तुमाला तिथं उभं केलं. सेकंडला मानसं वळखावी लागत्यात. कोन आता रडनार, कोन आता हसनार, हे आदी कळावं लागतं. तुमाला कोन चोरी करनार तेवढंच कळतं."

तो हे रागाने बोलला नाही. चप्पलेतला खडा काढत बोलला.

त्याला आता दोन वर्षं होत आली. स्टुडिओच्या पाटीवर माझ्या नावाबरोबर त्याचं नाव आहे. बारशी-साखरपुडे तो करतो ते सांगून करतो, आणि मी लिंक पाठवायच्या आधी त्याला दाखवते. पूर्वी तो माझ्याकडे घरातल्यासारखा जेवायला बसायचा. आता बोलावलं तर येतो, न बोलावता येत नाही. तेवढं तुटलं ते तुटलं, त्याला डिंक नाही.

आणि मी लहान कॅमेरा घेऊन फिरते. गुडघे दुखतात. पहिल्या काही लग्नांत माझ्या हाती नुसती पाकिटं, दागिने आणि चपला लागायच्या, नजर तिकडेच जायची. हळूहळू कधी एखादी आजी दिसते, कधी नवरदेवाच्या बापाचा हलणारा ओठ. दत्तू मेनमागून हाताने खूण करतो, डावीकडे, डावीकडे, आणि तिथे खरोखरच काहीतरी होणार असतं. त्याला ते कसं कळतं हे मला अजून कळलेलं नाही.

परवा मंचरजवळच्या एका लग्नात मी वधूपित्याच्या मागे मागे फिरत होते. व्याही जरा कडक होते. त्यांनी दत्तूला विचारलेलं मला ऐकू आलं, "भाऊ, त्या बाई कोन? सारख्या मधी मधी करत्यात."

दत्तूने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. "आमच्या सेकंड हायेत त्या," तो म्हणाला. "अजून शिकत्यात. पर हात बरा हाय."